९९२ युरो आणि माझा न संपलेला ऑक्टोबर

परवा साताऱ्याच्या एका मुलीचा मेसेज आला, ताई मी एप्रिलमध्ये स्टुटगार्टला येतेय, कुकर तिकडे मिळतो की इकडूनच आणू? मी लिहिलं, कुकर आण, तीन लिटरचा आण, दोन एक्स्ट्रा गॅस्केट आण, पण आधी सांग काउत्सिऑनचे पैसे कुठनं देणारेस. तिकडून उत्तर आलं, "काउ काय?"

मला हसू आलं आणि मग जरा पोटात गोळाच आला, कारण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी अगदी अशीच होते. माझ्याकडे मसाल्यांची यादी होती, थर्मल कधी घालायचे त्याची यादी होती, आणि बजेट म्हणून एकच आकडा होता, ९९२.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जर्मनीचा स्टुडंट व्हिसा हवा असेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात, आणि इथे आल्यावर त्यातले महिन्याला ९९२ आपल्याला मिळतात. तेव्हाच्या रेटने हे अकरा लाखांच्या आसपास जात होतं. वर तेव्हा सात लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापायची (एज्युकेशन लोनच्या पैशांवर अर्धा टक्का, घरच्या पैशांवर ५ टक्के), बाबा त्या कपातीवरच तीन दिवस चिडचिड करत होते, नंतर सीएने सांगितलं की रिटर्न भरताना ते अ‍ॅडजस्ट होतं तेव्हा कुठे शांत झाले. तर एवढे पैसे भरलेत म्हटल्यावर घरी सगळ्यांचा समज झाला की आता वर्षभराचं मिटलं. माझाही.

पहिला धक्का म्हणजे यात कॉलेजची फी नाहीच. जर्मनीत शिक्षण फुकट असं आपल्याकडे जो तो सांगतो, पण स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो द्यावे लागतात, त्यावर सेमिस्टर फी वेगळी, दोनशेच्या आसपास. हे मला माहीत होतं, ॲडमिशन लेटरवर लिहिलेलंच होतं, पण माहीत असणं आणि हिशोबात धरणं यात फरक आहे ना.

दुसरा धक्का ९९२ चा. ते पैसे उतरल्या दिवशी मिळत नाहीत! इथे पत्त्याची नोंदणी करायची, आनमेल्डुंग म्हणतात त्याला, मग बँकेत साधं खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट चालू करायला कागद पाठवायचे. आनमेल्डुंगसाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मी ऑक्टोबरपुरती स्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागात एक खोली घेतली होती, ४८० युरो, मालक एकदम गोड बोलायचा, आणि आल्यावर म्हणाला की सहीचं काही जमणार नाही. कायद्याने राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. मी रडून झाले, मेल करून झाले, काही उपयोग नाही. खरी खोली नोव्हेंबरमध्ये मिळाली, तेव्हा सगळी साखळी हलली. ५ ऑक्टोबरला उतरले, पहिले ९९२ हातात आले १९ नोव्हेंबरला. मधले पंचेचाळीस दिवस फॉरेक्स कार्डवर काढले, रोज रात्री झोपताना त्याचा बॅलन्स बघायचे.

खोली शोधण्याबद्दल काय सांगू. हॉस्टेलसाठी ॲडमिशन मिळाल्या दिवशीच अर्ज केला होता तरी वेटिंग. मग वेगे, म्हणजे दोघा-तिघांनी मिळून घेतलेला फ्लॅट, ज्यात प्रत्येकाची खोली वेगळी आणि किचन कॉमन. साठेक मेसेज पाठवले असतील, उत्तरं आली पाच, त्यातलं एक उत्तर होतं की मी सध्या लंडनला आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा, मी किल्ली कुरियर करतो. घर बघितल्याशिवाय, माणूस बघितल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही, हे मी आता प्रत्येक नवीन पोराला पहिल्या फोनमध्येच सांगते. माझ्या रूममेटची मैत्रीण ८०० युरो पाठवायच्या अगदी बेतात होती, कन्फर्म बटणावर बोट होतं तिचं.

शेवटी फाइहिंगेनला, कॅम्पसपासून चालत वीस मिनिटांवर, एक खोली मिळाली. जाहिरातीत ४१० लिहिलेलं. मी घरी फोन करून सांगितलं, ४१०! मग नीट वाचलं तर तो काल्टमीटे होता, शब्दशः थंड भाडं. आई म्हणाली, म्हणजे काय थंड खोली देतात का? तसं नाही, नुसत्या खोलीचं ते थंड भाडं, आणि हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे धरून होतं ते गरम भाडं. माझं गरम भाडं ५००. आणि काउत्सिऑन म्हणजे डिपॉझिट, ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं घेता येतं, म्हणजे १२३०. घरमालकीण बाईंनी पूर्ण तीन महिन्यांचंच मागितलं.

इथे एक गोष्ट मला एका सीनिअर दादाने सांगितली, त्याला मनापासून दुवा. काउत्सिऑन तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्यानेच हक्क आहे, पहिला हप्ता राहायला जाताना, बाकीचे दोन पुढच्या दोन भाड्यांसोबत. मालक आपणहून सांगणार नाही. मी जरा घाबरतच मेल लिहिला, वाटलं आता ही बाई खोलीच देणार नाही, पण एका ओळीत उत्तर आलं, चालेल. त्या एका ओळीने माझे ८२० युरो पुढे ढकलले गेले. मी त्या दिवशी स्वतःला तीन युरो वीस सेंटची कॉफी पाजली आणि पहिल्यांदाच रुपये काढायला ९२ ने गुणलं नाही.

गुणायचं सांगते. आपण सगळे येऊन पहिले दोन-तीन महिने गुणाकारच करत असतो. कोथिंबिरीची जुडी सव्वा युरो, म्हणजे एकशे पंधरा रुपये, अगंबाई, ठेव परत. मी तर कोथिंबिरीशिवाय पोहे खाल्लेत महिनाभर. आणि त्याच महिन्यात त्सुफेनहाउझेनच्या सहीशिवायच्या खोलीचे ४८० निमूट भरले होते, ते काही गुणून बघितले नाहीत. कोथिंबिरीवर वाचवून वाचवून किती वाचणार? माझं बजेट बाजारात फुटलं नाही, ते सह्यांवर आणि तारखांवर फुटलं.

तो पहिला काळ, म्हणजे ऑक्टोबर ते साधारण नोव्हेंबरचा मध्य, मी एक्सेलमध्ये एकच कॉलम केलाय. त्सुफेनहाउझेन ४८०, फाइहिंगेनचं भाडं ५००, काउत्सिऑन १२३० (हप्त्यांत असलं तरी द्यायचंच), फी मिळून १७००, रेसिडेन्स परमिट १००, दोन महिन्यांचा हेल्थ इन्शुरन्स २६०. बेरीज ४२७०, आणि यात अजून पोटात काही गेलेलं नाही, गादी नाही, जॅकेट नाही. त्या काळात ब्लॉक्ड अकाउंटने दिले शून्य.

इन्शुरन्सची एक गंमत. सरकारी योजनेतला स्टुडंट इन्शुरन्स तेव्हा महिन्याला १३० च्या आसपास होता, जानेवारी २०२५ मध्ये तो १४५ ला टेकला. आणि २३ पूर्ण झालेल्यांना मूल नसेल तर थोडा जास्तीचा हप्ता पडतो. खरंच! चोविसाव्या वर्षी साताऱ्यात शेजारच्या काकू विचारत होत्या की लग्नाचं काय, इकडे तर इन्शुरन्सवाल्यांनी थेट पुढचाच प्रश्न काढून पैसे लावले.

मग एक पत्र आलं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६. आमच्याकडे टीव्हीच नव्हता, रूममेट म्हणाली फ्रॉड आहे, फेकून दे. नशीब फेकलं नाही. ते घरामागे असतं, माणसामागे नाही, टीव्ही असो नसो. आम्ही तिघी होतो म्हणून वाट्याला ६.१२ आले, पण न भरता वर्षभर ठेवलं असतं तर एकदम मोठ्ठा आकडा आला असता.

साधा महिना लागला तेव्हा हिशोब असा बसला: गरम भाडं ५००, इन्शुरन्स १४५, बस-ट्रेनच्या तिकिटाचे ४० धरू (२७ च्या आतल्या विद्यार्थ्यांना या राज्यात स्वस्तातलं तिकीट मिळतं), मोबाइल १०, ती वर्गणी ६, किराणा १६०. झाले ८६१. वा, १३१ उरले की! आता फी सहा महिन्यांत वाटा, महिन्याला २८३. म्हणजे ११४४. हातात येतात ९९२. दीडशे युरोचा खड्डा दर महिन्याला, एकही पिक्चर न बघता. पहिल्या सेमिस्टरला माझं जर्मन ब्रेड मागण्यापुरतं होतं, त्यामुळे नोकरी मिळाली नाही, एप्रिल २०२५ मध्ये एका बेकरीत मिनीजॉब मिळाला. तेव्हा, २०२५ मध्ये, मिनीजॉबला महिन्याला ५५६ च्या कमाईची मर्यादा होती, किमान वेतन तासाला १२.८२ होतं, म्हणजे आठवड्याला साधारण दहा तास. नोकरी मिळाली की बजेट बरं होतं, पण नोकरी मिळेल हे धरून बजेट करू नका प्लीज, आमच्या बॅचचे दोघंजण तसं करून मार्चपर्यंत मित्रांकडून उसने घेत होते.

किराण्यात मात्र मजा आहे. तूरडाळ इंडियन स्टोअरमध्येच, महाग, म्हणून मी साध्या सुपरमार्केटमधल्या मसुराच्या डाळीची आमटी करायला लागले. पिठाच्या पुड्यावर नंबर असतात, ४०५ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या पोळ्या वातड होतात, १०५० आणला की जरा कणकेसारखं लागतं. आणि क्वार्क! दह्याच्या रॅकवर डब्यात मिळतं, जास्त फॅटवालं घ्यायचं, रात्रभर सुती कापडात बांधून सिंकवर टांगायचं, सकाळी चक्का तयार. गेल्या पाडव्याला अर्धा किलो क्वार्कचं श्रीखंड केलं, वेलची घरची, केशर आईने पासपोर्टच्या पाऊचमध्ये घालून दिलेलं, आणि तिघींनी चमच्याने डबा खरवडला. खर्च सांगितला तर चितळ्यांकडे रांगेत उभे राहणारे रागावतील.

हीटिंगचं मात्र मला उशिरा कळलं. भाड्यातले ते ९० अंदाजाने घेतलेले असतात, खरं बिल पुढच्या वर्षी येतं. मी अख्खा डिसेंबर हीटर पाचवर ठेवून खिडकी वरून थोडी तिरकी उघडी ठेवत होते, हवा खेळती राहावी म्हणून. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी एकदा जिना पुसायच्या पाळीवरून (हो, इथे जिना पुसायची आठवड्याची पाळी असते, दारावर पाटी येऊन लटकते) बोलायला वर आल्या, खिडकी बघितली आणि पाळीचं विसरून खिडकीवरच सुरू झाल्या. हीटर बंद, खिडकी सताड उघडी, पाच मिनिटं, मग बंद. तुम्ही रस्ता गरम करताय, म्हणाल्या. मी मान डोलावली आणि त्या गेल्यावर परत तिरकी केली. २०२५ च्या शरदात २०२४ चं बिल आलं. त्या वर्षी मी त्या घरात दोनच महिने होते, तरी ८६ युरो वरून द्या.

आता हॉस्टेलमध्ये नंबर लागलाय, ऑक्टोबरपासून तिथे राहते, भाडं कमी, नेटही त्यातच. फाइहिंगेनच्या बाईंनी काउत्सिऑनचे १०८० परत दिले, १५० ठेवून घेतले, २०२५ च्या हीटिंगचा हिशोब व्हायचाय म्हणून. तो हिशोब पाठवायला त्यांना २०२६ च्या डिसेंबरपर्यंत मुदत आहे, मी बघितलंय.

साताऱ्याच्या मुलीला हे सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, अकरा मिनिटांची झाली. तिने ऐकली की नाही कुणास ठाऊक, उत्तर आलंय की ताई, घरमालकाला सहीचं आधीच मेलवर विचारू का? आणि कुकर तीन लिटरचा की पाच?