ए-२ जाकिटाचे साल कसे ओळखावे
अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांचे ए-२ हे चामडी जाकीट १९३१ साली अधिकृत झाले आणि १९४३ मध्ये त्याची नवी मागणी थांबली, त्यामुळे अस्सल जुन्या जाकिटाचे साल साधारण याच काळात शोधावे लागते. मी सर्वांत आधी गळ्याच्या आत शिवलेले कापडी लेबल पाहतो. त्यावर ३०-१४१५ हा आराखडा क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि कंत्राट किंवा ऑर्डर क्रमांक असतो. ऑर्डर क्रमांकाची सुरुवात ४२ ने होत असेल, तर ती १९४२ या आर्थिक वर्षातली मागणी समजावी. मात्र लेबल नव्याने शिवता येते, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. पाठ एकाच सलग तुकड्याची असावी आणि पुढच्या खिशांत बाजूने हात घालण्याची सोय नसावी, कारण ती सोय १९८८ साली हे जाकीट पुन्हा सेवेत आल्यानंतरची आहे. मनगटाची विणलेली पट्टी किंवा चेन बदललेली दिसली, तरी जाकीट लगेच बाद ठरवू नये. वापरातले कपडे दुरुस्त होतच असत. कॉलर मात्र केसाळ फरची असेल, तर ते बहुधा नौदलाचे जी-१ असते.