डमी बसला आणि निवडून पण आला
बॉस्टनचा जेम्स मायकल कर्ली म्हणजे भन्नाट प्रकरण आहे राव. आयरिश, गरीब घरातला, जन्म १८७४ चा. एकाला पोस्टात चिकटवायचं म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच डमी बसला परीक्षेला, पकडला गेला, आणि १९०४ मधे जेलमधूनच नगरसेवक झाला, प्रचार काय तर मित्रासाठी केलं!! पुढे चार वेळा मेयर, मधे दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. पैसे खाण्यात मागे नव्हताच, पण सिटी हॉलच्या फरश्या बायकांना गुडघ्यावर बसून घासायला लागायच्या, त्यांना लांब दांड्याचे मॉप यानेच आणून दिले, मग गरीब माणूस दुसऱ्याला मत कशाला देईल. १९४७ ला मेयर असतानाच परत आत गेला, पाचेक महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी शिक्षा कमी केली, आणि गडी सुटून थेट मेयरच्या खुर्चीत!