आई, प्रोसिडिंग आणि 270 मीटरची सही

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला आई आली की सगळे तिला समुद्र दाखवा, केबल कार दाखवा म्हणतात. मी तिला मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत नेलं. खरं कारण सांगते, बाहेर वारं असं होतं की पदर सांभाळणं मुश्कील, आणि तिथे प्रवेश फुकट आहे.

आत 'हे तोहू' नावाची अंधुक, लाकडी खोली आहे. इथले मूळ रहिवासी माओरी आणि ब्रिटिश यांच्यातला वाइतांगीचा करार तिथेच ठेवलाय. पण आई थबकली ती कागदाच्या एका भेंडोळ्यापुढे. 1893 साली इथल्या बायकांनी मताचा हक्क मागितला, त्या मागणीचा हा मुख्य अर्ज. गावोगावच्या सह्यांचे कागद एकाला एक चिकटवत गेले आणि पट्टी 270 मीटरच्या वर गेली. बाकीचे छोटे अर्ज धरून सुमारे 32 हजार सह्या. बायकांच्या बाजूचे खासदार सर जॉन हॉल यांनी संसदेच्या सभागृहात हे भेंडोळं उलगडत सोडलं, तर ते पार समोरच्या भिंतीला जाऊन आपटलं म्हणे.

आईने काचेला नाक लावून विचारलं, "ह्या सह्या बायकांनी स्वतःच केल्यात ना? का नवऱ्यांनी उरकल्या?"

हा प्रश्न तिलाच सुचावा. आमच्या साताऱ्याकडच्या गावात ग्रामपंचायतीचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा बाबांऐवजी आईचा अर्ज भरला गेला. निवडूनही आली. मग मीटिंगला बाबा जायचे आणि संध्याकाळी शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगचे ठराव लिहायची वही, घेऊन घरी यायचा. आई भाकरीचं पीठ झटकून सही करायची. दीड वर्ष हे चाललं. मग एकदा नळाच्या ठरावावर तिने सही करायला नकार दिला, कारण नवी लाईन आमच्या आळीत येतच नव्हती. त्यानंतर ती स्वतः जायला लागली.

म्हणून तिला मी इथली पुढची गोष्ट सांगितली. अर्ज दिला म्हणजे काम झालं असं नव्हतं. वरच्या सभागृहात बायकांच्या मताचं विधेयक पास झालं ते 20 विरुद्ध 18 मतांनी. पंतप्रधान सेडन यांनी ते पाडायला एका सदस्याचं मत फिरवायचा प्रयत्न केला, त्याचा राग येऊन विरोधातल्या दोघांनी बायकांच्या बाजूने मत टाकलं! आई हसली. "म्हणजे तिथंही आपल्यासारखंच."

19 सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत 90 हजारांवर बायकांनी मतदान केलं. मात्र उभं राहायचा हक्क मिळायला 1919 उजाडलं, आणि पहिली बाई, एलिझाबेथ मॅककॉम्ब्स, संसदेत पोचली 1933 साली. मत मिळण्यापासून खुर्ची मिळेपर्यंत चाळीस वर्षं! त्यानंतर शिप्ली, हेलन क्लार्क, जॅसिंडा आर्डर्न अशा तीन बाई पंतप्रधान झाल्या, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये संसदेत बायका पुरुषांपेक्षा एकाने जास्त झाल्या. पुढच्या निवडणुकीत तो आकडा खाली आला. आर्डर्न तान्ह्या मुलीला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या सभेत गेल्या होत्या, तो फोटो आईला आठवत होता. तिचं मत वेगळंच: "पोर घेऊन गेली त्यात काय विशेष? आपल्याकडं शेतात नेतातच की. तिच्या खुर्चीत नवरा बसला नाही, ते विशेष."

मी इथली नागरिक नाही, पण रेसिडेंट व्हिसावर वर्षभर राहिलं की इथे मत देता येतं. हे कळल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "मग दिलंस का?" 2023 ला दिलं होतं, म्हणून वाचले.

परवा तिचा फोन आला. शेजारच्यांची सून आता मेंबर आहे. आई तिला दर मीटिंगला सोबत घेऊन जाते, आणि वही घरी आली तर शिपायाला चहा पाजून तशीच परत पाठवायची, असं तिला बजावलंय.