बाटली भरलेलीच परत यायची

शाळा सुरू व्हायला आता जेमतेम दोन आठवडे उरलेत. परवा साताऱ्यात मोती चौकात गेले तर रेनकोट, दप्तरं, डबे यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आमच्या आयांच्या ग्रुपवर तर सकाळ-संध्याकाळ एकच, कुणाच्या मुलाला ५० पर्यंत अंक येतात, कुणाला एबीसीडी पाठ झाली, कुणी क्लास लावला. मी पण रेनकोट घेतला धाकट्याला, निळा, बेडकाच्या डोळ्यांची टोपी असलेला. पण बाकीची तयारी यावेळी आमच्याकडे वेगळीच चाललीय, आणि ती का ते आज लिहायचंच असं ठरवलंय, कारण थोरलीच्या वेळी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या वाट्याला येऊ नये.

थोरली साडेतीन वर्षांची असताना शाळेत घातली. अजिबात रडली नाही, टाटा करून आत गेली, मी आणि हे गेटबाहेर उभे राहून एकमेकांकडे बघतच राहिलो. पहिला आठवडा छान गेला. मग ती घरी आली की चप्पल न काढताच बाथरूमकडे पळायला लागली, आणि दोन-तीनदा तर दारातच चड्डी ओली. मी रागावले तिला. आता लिहिताना पण वाईट वाटतंय, पण रागावले, एवढी मोठी झालीस आणि असं काय म्हणून. पाण्याची बाटली रोज भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. मला वाटलं जून महिना, हवा गार, नसेल लागत तहान.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता थंडी वाजून ताप आणि बेंबीच्या खाली दुखतंय म्हणून कळवळायची. आमच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, इन्फेक्शन निघालं. पोट हाताने दाबून बघितलं आणि म्हणाल्या, अहो हिची संडास पण साठलीय आत, किती दिवस झाले नीट झाली नाही? मला सांगताच येईना. मग त्यांनी तिला टेबलावर बसवून अगदी हळू विचारलं, बाळा शाळेत शू करतेस का तू? तर मान हलवली, नाही. का गं? तर म्हणाली, "तिथं पाय टेकत नाहीत. मी आत पडेन."

आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास, शाळेत मोठ्या माणसांचा कमोड. तिचे पाय लोंबकळायचे. म्हणून ती शू धरून ठेवायची, आणि शू येऊच नये म्हणून पाणीच प्यायची नाही. साडेतीन वर्षांच्या पोरीने चार तासांचा हा हिशोब एकटीने केला आणि आम्हाला पत्ता नाही. मी त्या दवाखान्यातच रडले.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते मी कायम लक्षात ठेवलंय. लघवी तासन् तास साठून राहिली की त्यात जंतू वाढायला वेळ मिळतो, त्यात पाणी कमी म्हणजे धुऊन जायचं ते पण जात नाही. आणि संडास साठली की ती आतून मूत्राशयावर दाब देते, मग ते पूर्ण रिकामं होत नाही. म्हणजे बद्धकोष्ठ आणि युरिन इन्फेक्शन ही जोडीनेच येतात बऱ्याचदा. मुलींना जास्त, कारण त्यांची मूत्रनळी आखूड असते, आणि म्हणून धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यायचा हे लहानपणापासून शिकवायचं.

तर आता धाकट्याची पाळी आहे, आणि आम्ही मे महिन्यापासूनच सुरू केलंय. सगळ्यात आधी कपडे. बटणाची, हुकाची पँट बंद, फक्त इलॅस्टिकची, जी त्याला स्वतःला खाली ओढता येते आणि वर पण घेता येते. मामाकडे, आत्याकडे, हॉटेलात, जिथे जाऊ तिथला संडास त्याला दाखवायचा आणि वापरायला लावायचा, कमोड असेल तर पायाखाली स्टूल किंवा पाट. पाय टेकले की मूल घाबरत नाही आणि जोर पण नीट लागतो. "टीचर, मला शू आलीय" हे वाक्य आम्ही रोज खेळात म्हणतो, कधी आजी टीचर होतात कधी ताई, कारण घरी खुणेने चालतं पण शाळेत तोंडाने सांगावं लागतं ना. ताई तर फार मनावर घेते, ती त्याला सांगते घाबरायचं नाही हं, धरून ठेवायचं नाही.

आणि सकाळचा वेळ. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पोटात काही गेलं की आतड्यांची हालचाल सुरू होते, म्हणून नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मुलाला पाच मिनिटं शांतपणे बसवायचं, झाली तर झाली, नाही झाली तर उठवायचं, रागवायचं नाही. पण यासाठी सकाळी तेवढा वेळ हातात पाहिजे. व्हॅन दारात हॉर्न देतेय आणि आपण तोंडात घास कोंबतोय असं असेल तर कुठली संडास आणि कुठलं काय. म्हणजे लवकर उठणं आलं, आणि लवकर उठायचं तर रात्री लवकर झोपणं आलं.

झोपेचं आमच्याकडे अवघडच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत साडेदहा-अकरा वाजायचे, हे कामावरून उशिरा येतात आणि बापाची वाट बघत पोरं जागी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही आकडे दिलेत, त्यात ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १० ते १३ तास झोप सांगितलीय, दुपारची धरून. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर मोजा तुम्हीच. एकदम ८ वाजता झोपवायला गेलो तर पोरगं टक्क जागं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकवत आणलं. साडेदहाचे सव्वादहा, मग दहा... आता नऊला दिवा बंद होतो. झोपायच्या आधी तासभर मोबाईल आणि टीव्ही दोन्ही बंद, सगळ्यांचे, मोठ्यांचे पण. ह्यांनी आता सकाळचा वेळ धरलाय मुलांसाठी, तो मी पुढे सांगतेच.

आता खाणं. यात आमच्याकडे सगळ्यात गोड अडचण म्हणजे आजोबांची बशी. सकाळी आणि चार वाजता आजोबा चहा बशीत ओततात, धाकटा मांडीवर जाऊन बसतो, खारी बुडवतो आणि ती मऊ होऊन तुटायच्या आत तोंडात घालतो, आणि उरलेला चहा दोघं मिळून पितात. वर्षभर हे चाललं होतं आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एप्रिलमध्ये तो फार चिडचिडा झाला, दोन जिने चढला की दमून कडेवर घे म्हणायचा, तर डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८. या वयात ११ च्या वर पाहिजे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, चहा पितो का? चहातल्या टॅनिन नावाच्या घटकामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि चहा-खारीने पोट भरलं की जेवण पण नको होतं. दुधाचं पण तसंच, दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पाजत बसलं तर मूल बाकीचं खातच नाही आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच.

आजोबांना सांगायला मलाच कसंतरी वाटत होतं, पण त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून बशीत नाचणीची पेज घ्यायला लागले, गूळ आणि वेलदोडा घालून, नातवाबरोबर. स्वतःचा चहा ते आता तो झोपला की पितात. ७४ वर्षांचा माणूस नातवासाठी सवय मोडतो, मला फार भरून आलं त्या दिवशी.

लोहाचं सिरप चालू आहेच, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, त्याने संडास काळपट होते तर घाबरू नका, ते चालतं. बाकी घरात असतं तेच. कोरेगावचा वाघ्या घेवडा, मटकीची उसळ, मेथीची धपाटी, बाजरीची भाकरी कुस्करून तूप-गूळ, आणि वर लिंबू पिळायचं किंवा पेरूची फोड, कारण क जीवनसत्त्वाबरोबर लोह चांगलं शोषलं जातं. डब्याची प्रॅक्टिस पण चालू आहे. डब्याचं झाकण त्याला उघडता येतं का हे आधी बघा बरं का, थोरलीचा पहिला डबा इतका घट्ट होता की ती टीचरला सांगायला लाजायची आणि तशीच घरी आणायची. रोज अकराला अंगणात चटई टाकून, डबा उघडून, आपल्या हाताने खायचं, सांडलं तरी चालेल, भरवायचं नाही. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं एवढ्या लहान मुलांच्या डब्यात देऊच नका, हसता-बोलता श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचा लाडू द्या, कूट द्या, द्राक्षं उभी चिरून.

तर ह्यांची सकाळ. आम्ही सातारकर, किल्ला डोक्यावर असताना पोरांना चालायला कुठे न्यायचं हा प्रश्नच नाही! मे महिन्यात रोज सहाला हे दोघांना घेऊन अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने निघायचे. पहिल्या दिवशी धाकटा शंभर पावलांत बसला. हे पण बसले त्याच्या शेजारी. मोर ओरडला की उठायचं असं ठरलं, आणि मोर ओरडला, उठला. आठवड्याने वाटेतल्या चार भिंती स्मारकापर्यंत गेला, कडेवर न बसता, खिसे भरून दगड आणले. तिथून सगळं सातारा दिसतं तर आपलं घर कुठंय ते शोधत बसतात दोघं. मी मधूनच जाते, पण जाते तेव्हा बघते, तो उतारावर पळताना पडतो, गुडघा झाडतो, परत पळतो. त्याच २०१९ च्या आकड्यांमध्ये या वयाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातला निदान तासभर चांगला दम लागेल असा खेळ, आणि स्क्रीन एका तासाच्या वर नाही, त्याहून कमी असेल तर चांगलंच. तीन तास ऐकून दडपण येतं पण अंगणात पाणी घालायला लावलं, जिने चढवले, दुकानात चालत नेलं, सगळं त्यात धरायचं.

आता पाऊस लागला की किल्ला बंद. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, यवतेश्वरचा डोंगर ढगातच असतो. तेव्हा घरात फरशीवर खडूने ठिकरी आखायची, बेडूकउड्या, गादीवर कोलांट्या, चादरीवर बसवून ताईने ओढायचं. लंगडी त्याला अजून दोनच पावलं जमते, पण या वयाला तेवढीच जमते, त्याचं टेन्शन घेऊ नका. आणि भुरभुर पाऊस असेल तर बेडकाचा रेनकोट घालून बाहेर जाऊ द्या की, भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूने होते, फक्त आल्यावर अंग कोरडं करा आणि ओले मोजे आधी काढा.

सर्दी मात्र होणार. शाळेच्या पहिल्या वर्षी ६ ते ८ वेळा सर्दी-खोकला म्हणजे नॉर्मल, डॉक्टर बदलत फिरायची गरज नसते. ताप असेल तर शाळेत पाठवू नका, औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नाही आला की मग पाठवा, तापाचं औषध पाजून पाठवणं म्हणजे दुसऱ्यांच्या लेकरांना पण आजारी पाडणं. हाताला-तोंडाला फोड आले तर तसंच, घरीच. हात साबणाने वीस सेकंद चोळायचे, डब्याच्या आधी आणि शूनंतर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो म्हणून शाळेत पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घरातली पिंपं, कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या करायच्या, आमच्याकडे तो मान गुरुवारचा.

लसीकरणाचं कार्ड एकदा काढून बघा. ५ वर्षं झाली की डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा) दुसरा बूस्टर असतो, तो खूप जण विसरतात कारण मध्ये बरीच वर्षं गेलेली असतात. अ जीवनसत्त्वाचा डोस ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी, जंताची गोळी पण वर्षातून दोनदा, अंगणवाडीत मोफत मिळते, आमच्या अंगणवाडीच्या ताई तर फोन करून बोलावतात. डोळे पण तपासून घ्या एकदा. एका डोळ्याने कमी दिसत असलं तर मूल सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, आणि तो आळशी डोळा लहान वयातच सुधारणं सोपं असतं.

काल मी शाळेत फोन करून विचारलं, शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा मुलाला संडास दाखवायला आणू का. मला वाटलं काय म्हणतील, पण फोनवरच्या बाई लगेच या म्हणाल्या. आज गेलो. तिथल्या मावशींनी त्याचा हात धरून आत नेलं, मी बाहेर उभी. कमोडच उंच, पण मी विचारल्यावर मावशींनी कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल सरकवून दिलं. दोन मिनिटांनी आतून त्याचा आवाज आला, "मावशी, पाय टेकले." मग फ्लशचा आवाज, मग नळाचा, मग परत फ्लशचा. बाहेर आला तो ओल्या हातांनी, आणि माझ्या खांद्यावरची बाटली ओढून घेऊन घटाघटा पाणी प्यायला.