परमिट रूममध्ये स्टँडअप लावताना: खुर्च्या, माईक आणि बिलाची वेळ

सांगलीत विश्रामबागेत एका परमिट रूमच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही मराठी स्टँडअप, म्हणजे एकट्याने माईकवर विनोदी किस्से सांगायचा कार्यक्रम, लावतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं ते याच गावात. इथल्या माणसाला समोर बसून बघायची हौस आहेच. त्याला नीट ऐकू आलं पाहिजे, एवढंच.

आधी खुर्च्या. हॉल ६० जणांचा असला तरी ४० च मांडायच्या आणि पहिली रांग माईकपासून ५-६ फुटांवर घ्यायची. माणूस शेजारचा हसला की हसतो. लांब लांब बसलेले ४० जण गप्प राहतात, तेच खेटून बसले की हॉल दणाणतो. जादा खुर्च्या बाहेर काढाव्यात, नाहीतर मागची रांग आधी भरते.

माईक वायरचाच बरा. स्पीकर कलाकाराच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मागे राहिला तर त्याचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. कलाकाराने माईकची जाळी मुठीत धरली तरी तेच होतं, हे नवख्यांना आधीच सांगावं. आणि एको पूर्ण बंद! आपल्याकडचे साउंडवाले ऑर्केस्ट्राच्या सवयीने तो ठेवतात. गाण्याला शोभतो, पण बोलताना शेवटचा शब्द पुसला जातो, आणि विनोद असतो नेमका त्या शब्दात.

टीव्ही बंद, म्यूटवरसुद्धा नको. मॅच दिसली की नजर तिकडेच जाते.

जाहिरातीत साडेसात लिहायचं, सुरुवात बरोबर आठला. सूत्रसंचालक १० मिनिटं, मग ४ नवखे प्रत्येकी ५ मिनिटं. चौथं मिनिट संपलं की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवायचा. १५ मिनिटं मध्यंतर, मग मुख्य कलाकार ४० मिनिटं. साडेनऊला आटोपतं, म्हणजे दहानंतर स्पीकरचा आवाज रस्त्यावर जाण्याचा प्रश्नच येत नाही. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवून पोच घ्यावी. बिअरला २१ आणि दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजची पोरं येतात, म्हणून वय दारातच बघावं.

ऑर्डर सूत्रसंचालकाच्या वेळी आणि मध्यंतरात घ्यायच्या. बिलं मध्यंतरातच द्यावीत, नंतरची ऑर्डर रोखीत. मुख्य कलाकाराच्या शेवटच्या १० मिनिटांत टेबलावर बिल आलं की चार जण मान खाली घालून हिशेब करत बसतात, आणि वर तो आपला सगळ्यात चांगला किस्सा सांगत असतो.