दाखल नोंदवहीची फाइल ठेवायची कुठे? : माझा अनुभव

आमच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयासाठी पुस्तकांची दाखल नोंद, सभासदांची वर्गणी आणि रोजची देवघेव सांभाळणारा नवा प्रोग्राम लिहिण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा सर्वांत जास्त विचार एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला द्यावा लागला: प्रोग्रामच्या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या? ग्रंथालयातील संगणकावर विंडोज आहे, सूची तपासून देणाऱ्या निवृत्त शिक्षिका घरी मॅक वापरतात आणि मी स्वतः उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर काम करते. या तिन्ही ठिकाणी एकच प्रोग्राम चालायला हवा होता.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे ग्रंथालयातील जुन्या प्रोग्रामने दाखवून दिले. तो विंडोज एक्सपीच्या काळातला ३२-बिट प्रोग्राम होता आणि आपला डेटाबेस स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये ठेवत असे. एक्सपीवर बहुतेक जण ॲडमिन खात्यानेच काम करत, त्यामुळे कुणाचे काही अडले नाही. २००७ साली सर्वत्र आलेल्या व्हिस्टा या विंडोजच्या आवृत्तीपासून मात्र ॲडमिन खात्यावरचे प्रोग्रामही एरवी सामान्य अधिकारांनीच चालतात, आणि त्या अधिकारांनी त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. असे जुने प्रोग्राम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लेखन गुपचूप वळवते आणि त्या त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये फाइलची वेगळी प्रत तयार करते. ग्रंथालयात सकाळच्या आणि संध्याकाळच्या सेवकांची खाती वेगळी असल्यामुळे एकाच नोंदवहीच्या दोन प्रती निर्माण झाल्या होत्या. प्रत्येकाला आपली नोंदवही पूर्ण वाटत होती, पण तोच दाखल क्रमांक दोन्हीकडे निरनिराळ्या पुस्तकांना दिला गेला होता. दोन्ही प्रती शोधून काढून एकत्र करताना कोणती नोंद खरी मानायची, याचा निर्णय संगणकावरून होणे शक्यच नव्हते. सुदैवाने ग्रंथपालांनी कागदी दाखल नोंदवही कधीच बंद केली नव्हती, त्यामुळे वादातले प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून, आतल्या शिक्क्यावरचा क्रमांक वहीशी ताडून आम्ही नोंदी सुधारल्या. अनुदानासाठीच्या तपासणीत याच क्रमांकांवरून पुस्तके मोजली जातात, म्हणून ते काम घाईने उरकण्यासारखे नव्हते.

नव्या प्रोग्रामसाठी मी प्रथम फाइलींची विभागणी केली, आणि ती करताना प्रत्येक फाइलबद्दल एकच विचारले: ही उद्या नाहीशी झाली तर काय होईल? अक्षरांचा आकार किंवा खिडकीची जागा यांसारख्या सेटिंगची फाइल गेली, तर थोडी गैरसोय होईल. मुखपृष्ठांची लहान चित्रे गेली, तर मूळ स्कॅनवरून प्रोग्राम ती पुन्हा तयार करील. दाखल नोंदींचा डेटाबेस आणि मूळ स्कॅन मात्र गेले, तर माणसांचे श्रम गेले. सेटिंग, तात्पुरता साठा आणि खरा डेटा असे हे तीन गट तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमांना मान्य आहेत, फक्त प्रत्येकीने त्यांची सोय आपल्या पद्धतीने केली आहे.

लिनक्सवरची सोय मला सर्वांत स्वच्छ वाटते. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी आपली लपलेली फाइल टाकत असे आणि तिथे गर्दी होई. लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी समान नियम सुचवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या एक्सडीजी बेस डिरेक्टरी या निर्देशाने ती गर्दी आवरली. सेटिंग ‘.कॉन्फिग’मध्ये, डेटा ‘.लोकल’मधील ‘शेअर’मध्ये, तात्पुरता साठा ‘.कॅश’मध्ये, आणि वापरकर्त्याने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना वाचता येणाऱ्या यंत्रणेच्या सेटिंगमध्ये, दुसरी जागा सांगितली असेल, तर ती मानायची. ही शेवटची अट पाळणे मला फार आवश्यक वाटते, कारण आपली डिस्क कशी लावायची हे ठरवण्याचा अधिकार वापरकर्त्याचा आहे.

मॅकवर डेटासाठी होम फोल्डरमधील लायब्ररीच्या आत ॲप्लिकेशन सपोर्ट आणि साठ्यासाठी कॅशेस अशा जागा आहेत. टाइम मशीन ही मॅकची बॅकअप व्यवस्था कॅशेस फोल्डरचा बॅकअप घेत नाही, म्हणून मूळ स्कॅन तिथे ठेवणे धोक्याचे ठरले असते. लहान चित्रांना मात्र तीच जागा योग्य आहे. सेटिंगच्या बाबतीत मतभेद आढळले. अशा जागा शोधून देणाऱ्या तयार साधनांपैकी क्यूटीमधील क्यूस्टँडर्डपाथ्स लायब्ररीतील प्रेफरन्सेस फोल्डरचा रस्ता (पाथ) देते, पायथनमधील प्लॅटफॉर्मडर्सची आजची आवृत्ती ॲप्लिकेशन सपोर्टचा देते, आणि ॲपलचे मार्गदर्शन असे, की प्रेफरन्सेसमध्ये प्रोग्रामने स्वतः फाइल तयार करू नये, ती यंत्रणेमार्फतच लिहावी. माझी सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलीत असल्यामुळे मी ती ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये ठेवली.

विंडोजवर निर्णय अवघड होता. प्रत्येक खात्याच्या ॲपडेटा फोल्डरच्या आत रोमिंग आणि लोकल हे दोन मुख्य फोल्डर असतात. रोमिंगमधील फाइली, संस्थेने तशी व्यवस्था केली असेल तर, लॉग-इन आणि लॉग-आउटच्या वेळी सर्व्हरशी जुळवल्या जातात. म्हणून तिथे लहान सेटिंग चालते, पण स्कॅनने भरलेला मोठा डेटा तिथे घातला, तर लॉग-इनलाच विलंब होतो. लोकल हे डेटाचे नेहमीचे ठिकाण आहे, परंतु तेही प्रत्येक खात्याचे वेगळे असते, आणि आमच्या सेवकांना तर एकच नोंदवही हवी होती. त्यासाठी संगणकावरील सर्व खात्यांना सामाईक असलेला प्रोग्रामडेटा फोल्डर निवडला. त्यातही एक बारकावा आहे: तिथे एका खात्याने तयार केलेली फाइल दुसऱ्या सामान्य खात्याला वाचता येते, पण मूळच्या परवानग्यांनुसार बदलता येत नाही. म्हणून इन्स्टॉल करतानाच आमच्या उपफोल्डरला सर्व वापरकर्त्यांसाठी बदलाची परवानगी देण्याची व्यवस्था केली. यापैकी कोणताही रस्ता मी कोडमध्ये हाताने लिहिला नाही, प्रत्येक वेळी तो विंडोजलाच विचारला. एक्सपीमधील ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ व्हिस्टात ‘युजर्स’ झाले, तेव्हा हाताने लिहिलेले रस्ते कालबाह्य झाले होते, आणि जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून विंडोजला जुन्या नावांचे दुवे ठेवावे लागले.

डेटाबेस सरळ डॉक्युमेंट्समध्ये का ठेवत नाही, असे ग्रंथपालांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता; लपलेल्या फोल्डरमधील वस्तू आपली वाटत नाही. पण अनेक संगणकांवर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी जोडलेला असतो. आमचा डेटाबेस एसक्यूलाइट या एकाच फाइलीत सर्व नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे आणि चालू असताना त्याच्या शेजारी आणखी दोन साहाय्यक फाइली असतात; अलीकडच्या नोंदी काही काळ त्यांपैकी एकीतच असू शकतात. सिंक करणाऱ्या प्रोग्रामने या तिन्ही फाइली वेगवेगळ्या क्षणी उचलल्या, तर वर गेलेली प्रत अपुरी किंवा बिघडलेली असू शकते. म्हणून चालू डेटाबेस सामाईक फोल्डरमध्येच राहतो आणि दिवसाचे काम बंद करताना ‘व्हॅक्यूम इंटू’ या आज्ञेने त्याची एक पूर्ण, स्वतंत्र प्रत डॉक्युमेंट्समध्ये तयार होते. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. ती प्रत वनड्राइव्हवर जावो किंवा पेनड्राइव्हवर, तिला धक्का लागत नाही, आणि शिक्षिकाबाईंना मॅकवर तपासायलाही तीच पाठवली जाते.

राहिला प्रश्न फाइलींच्या नावांचा. स्कॅनला पुस्तकाचेच नाव द्यावे, ही सूचना मला मनापासून आवडली होती, कारण आपली भाषा फाइलींच्या नावांतही दिसावी असे मला वाटते. परंतु लिनक्सवर डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या नेहमीच्या ईएक्सटी४ व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरले, तर ८५ चिन्हांतच जागा संपते. लांबलचक उपशीर्षक असलेले चरित्र त्यात मावत नाही. ‘ऱ’ या अक्षराचा प्रश्न याहून नाजूक आहे. युनिकोडमध्ये ते एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावांतली अशी अक्षरे दोन चिन्हांत विलग करून साठवत असे, त्यामुळे ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्या’ असलेले नाव तिथून लिनक्सवर आले, की डोळ्यांना तेच दिसते, पण बाइटची तुलना करणाऱ्या प्रोग्रामला ते सापडत नाही. अखेर स्कॅनच्या फाइलीला केवळ दाखल क्रमांक दिला आणि पुस्तकाचे पूर्ण नाव डेटाबेसमध्ये ठेवून पडद्यावर दाखवले.

प्रोग्राम काढून टाकला तरी नोंदवही आणि स्कॅन जागेवर राहतात. ते पुसायचे असतील, तर स्वतंत्रपणे विचारून, आधी प्रत घेऊनच पुसले जातात. मेनूमध्ये ‘माझ्या फाइली कुठे आहेत?’ असा एक पर्याय ठेवला आहे. तो निवडला, की त्या संगणकावरील तिन्ही जागांचे पूर्ण रस्ते दिसतात आणि बटण दाबून तो फोल्डर उघडता येतो. सकाळचे आणि संध्याकाळचे सेवक आता एकाच नोंदवहीत लिहितात, आणि नव्या पुस्तकाला पुढचा दाखल क्रमांक प्रोग्राम त्या एकाच फाइलवरून देतो.