क्रिस्टल बीचचा सायक्लोन पुन्हा उभारायचा झाला तर

रोलर कोस्टरची आवड असणाऱ्या माणसांमध्ये एक प्रश्न वारंवार विचारला जातो: इतिहासजमा झालेल्या कोस्टरांपैकी एकच परत आणता आला, तर कोणता आणावा? माझे उत्तर अनेक वर्षे बदललेले नाही. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, ईरी सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरच्या क्रिस्टल बीच उद्यानात 1927 साली सुरू झालेला आणि 1946 साली बंद झालेला सायक्लोन. हॅरी ट्रॅव्हर या अमेरिकन अभियंत्याने त्याच सुमारास पोलादी सांगाड्यावर लाकडी मार्ग बसवून जे अतिशय उग्र कोस्टर उभारले, त्यांपैकी हा सर्वाधिक काळ टिकला. मॅसॅच्युसेट्समधील रिव्हिअर बीचचा लाइटनिंग 1933 साली गेला, न्यू जर्सीतील पॅलिसेड्स पार्कचा सायक्लोन त्यानंतर वर्षभरात. क्रिस्टल बीचचा मात्र जवळजवळ दोन दशके चालला.

त्याची उंची 96 फूट होती, म्हणजे आजच्या मानाने बेताचीच. लांबीही तीन हजार फुटांच्या आतच. पण पहिला उतार सरळ नव्हता. गाडी शिखरावरून सुटताच वळत वळत खाली कोसळत असे, आणि तिथून पुढे जवळजवळ 80 अंशांपर्यंत कललेली वळणे, आठच्या आकड्यासारखी फेरी आणि शेवटी डावी-उजवीकडे झपाट्याने डोलवणारा मार्ग अशी मालिका सुरू होई. मधे श्वास घ्यायला सपाट रूळ कुठे नव्हताच. स्थानकावर एक परिचारिका नेमलेली असे, एवढ्यावरून खाली उतरणाऱ्यांच्या अवस्थेची कल्पना यावी. 1938 साली एक प्रवासी गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्यानंतरही कोस्टर चालू राहिला, पण सांगाड्यावर पडणाऱ्या ताणामुळे दुरुस्तीचा खर्च संपत नव्हता आणि बसायला धजावणाऱ्यांपेक्षा बाहेर उभे राहून पाहणारेच पुष्कळ होते.

त्याच्या पोलादाचा बराचसा भाग 1948 साली त्याच उद्यानात उभारलेल्या कॉमेट या कोस्टरसाठी वापरला गेला. 1989 साली क्रिस्टल बीच उद्यान बंद पडले, तेव्हा कॉमेट लिलावात विकला गेला आणि 1994 पासून तो न्यू यॉर्क राज्यात, लेक जॉर्जजवळच्या ग्रेट एस्केप उद्यानात धावतो आहे. मी कॉमेटवर बसले आहे. त्याची लांबलचक, उसळती धाव मला मनापासून आवडते, पण तो सायक्लोनचा वारस केवळ धातूच्या अर्थाने आहे. ट्रॅव्हरने बलांचा जो क्रम रचला होता, तो त्यात नाही आणि आणण्याचा हेतूही नव्हता.

पुनर्निर्मितीच्या चर्चेत दोन टोकाची मते ऐकू येतात. एका पक्षाला जुने आराखडे जसेच्या तसे हवे असतात. दुसऱ्याला वाटते की आजच्या सुरक्षिततेच्या निकषांत बसवल्यावर सायक्लोनचे सायक्लोनपणच उरणार नाही. मला दोन्ही मते मान्य नाहीत, कारण दोन्हींत एक समान गृहीत आहे: शरीराला होणारी इजा हाच त्या अनुभवाचा गाभा होता. थोडे गणित मांडले तर हे गृहीत टिकत नाही.

वळणाला 80 अंशांचा कल देणे ही ट्रॅव्हरची चूक नव्हती. वेग जास्त आणि त्रिज्या लहान असेल, तर कल वाढवणेच योग्य असते. तसे केले म्हणजे आडवे बल आसनाच्या दिशेने वळते आणि माणूस गाडीच्या बाजूवर आदळण्याऐवजी आसनात दाबला जातो. अडचण होती ती त्या कलात शिरण्याची. त्या काळी मार्ग रुळांच्या मध्यरेषेभोवती पिळला जात असे. प्रवाशाचे डोके रुळांपासून समजा 1.2 मीटर उंचीवर आहे आणि गाडी अर्ध्या सेकंदात शून्यावरून 80 अंशांपर्यंत कलते, तर डोक्याला तेवढ्या वेळात सुमारे 1.7 मीटरचा कंस कापावा लागतो. सर्वांत सौम्य रीतीने जरी हे घडवले, तरी त्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या 2.7 पट आडवे त्वरण लागते, आणि ते मानेला कसलीही पूर्वसूचना नसताना मिळते. आता तोच कल अर्ध्याऐवजी एका सेकंदात द्या. त्वरण एक चतुर्थांश होते, म्हणजे साधारण 0.7 पट. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीसाठी याचा अर्थ एवढाच की, वळणाची तयारी 11 मीटरऐवजी 22 मीटर लांबीवर पसरवायची. वळण तेवढेच उभे, तेवढेच भयानक. मान मात्र शाबूत.

याच्या पुढची पायरी म्हणजे पिळाचा अक्षच वर उचलून प्रवाशाच्या छातीच्या पातळीवर आणायचा, म्हणजे छाती आपल्या वाटेवर स्थिर राहते आणि रूळ तिच्याभोवती फिरतात. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी ही पद्धत कोस्टरांच्या आरेखनात रुजवली. वक्रता हळूहळू वाढत जाणारा क्लोथॉइड वक्र त्यांनीच 1976 साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटनच्या रेव्होल्यूशन या कोस्टरच्या उभ्या वर्तुळात वापरला. रेल्वेच्या अभियंत्यांना हा वक्र पूर्वीपासून ठाऊक होता. 1927 च्या कारखान्यात हे सगळे हाताने मोजून लाकडात उतरवणे फार कठीण होते. आज संगणकावर मार्गाच्या प्रत्येक फुटावरची तिन्ही दिशांची बले आधीच काढता येतात आणि फळ्या त्यानुसार कापून आणता येतात.

आजचे निकष रोमांचाला मारक आहेत, असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेत वापरले जाणारे, एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे एफ2291 हे मानक त्वरणाला एकच सरसकट मर्यादा घालत नाही. कोणत्या दिशेने, किती काळ, यांवर मर्यादा ठरते. क्षणभराचे मोठे बल चालते, तेच कित्येक सेकंद चालत नाही. शिवाय एका दिशेचे बल उलट दिशेला किती लवकर पालटावे, यालाही बंधन आहे. चांगल्या आरेखकाला या चौकटीत भरपूर मोकळीक असते.

पुरावा हवा असेल तर फार दूर जायला नको. त्याच ईरी सरोवराच्या काठी, पेनसिल्व्हेनियातील ईरी शहरात, वॉल्डामियर उद्यानात 1922 पासून रॅव्हिन फ्लायर नावाचा कोस्टर होता, तो एका प्रवाशाच्या मृत्यूनंतर 1938 साली बंद झाला. ग्रॅव्हिटी ग्रुप या कंपनीने आरेखित केलेला रॅव्हिन फ्लायर दुसरा 2008 साली तिथे सुरू झाला. जुन्याप्रमाणेच तो सार्वजनिक रस्त्यावरून पलीकडे झेप घेतो, पण त्यातले एक वळण पूर्ण 90 अंशांचे आहे, ट्रॅव्हरच्या वळणांपेक्षाही उभे, आणि लाकडी मार्गावर. नाव, जागा आणि रस्ता ओलांडण्याची जुनी गंमत राखून बाकी सर्व नव्याने विचारात घेतले, म्हणून मला हे पुनर्निर्मितीचे उत्तम उदाहरण वाटते. त्याच वाटेने सायक्लोन का येऊ नये?

गाडीबद्दल तर शंकाच नको. जॉन मिलर यांनी 1919 साली पेटंट घेतलेली, रुळाच्या खालून धरणारी चाके ट्रॅव्हरच्या काळीही होती. गाडी रूळ सोडून उडण्याचा धोका त्यांनी कमी केला. माणूस गाडी सोडून उडण्याचा मात्र तसाच राहिला, कारण दोघांना मिळून मांडीवर एकच दांडा असे आणि तो दोघांतल्या जाड्या प्रवाशाच्या मांडीवर टेकून थांबे. आज प्रत्येकाला स्वतंत्र दांडा, त्याला एक निकामी झाले तरी दुसरे धरून ठेवील असे कुलूप, आणि सगळे बंद झाल्याशिवाय गाडी सोडू न देणारी संगणकीय नियंत्रणप्रणाली, हे सर्व मिळते. सायक्लोनच्या बाबतीत मी एका गोष्टीचा आग्रह धरीन: एका बाकाचा एक डबा, असे छोटे डबे जोडून केलेली गाडी असावी. लांब डबा आखूड वळणात रुळांशी झगडतो, त्यातून मार्ग झिजतो आणि तोच हादरा प्रवाशाच्या पाठीत जातो. शेवटी विजेशिवाय काम करणारे चुंबकीय ब्रेक, आणि मार्गाच्या एका टप्प्यात एकाच वेळी दोन गाड्या येऊ न देणारी व्यवस्था. हे आता पुष्कळ ठिकाणी असते.

खरा पेच त्या डोलवणाऱ्या मार्गाचा आहे. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे कल एकामागून एक देत गाडी पुढे न्यायची, ही कल्पना त्या काळच्या आरेखकांना फार प्रिय होती. सायक्लोनवर ती प्रवाशांच्या बरगड्यांवर बेतत असे. हा भाग गाळून टाकावा असे मला काही जण सुचवतात. मी गाळणार नाही. डोलण्याची दोन-तीनच आवर्तने ठेवावीत, अक्ष छातीच्या पातळीवर आणावा आणि गाडीचा वेग तिथे मुद्दाम कमी असावा, असे माझे मत आहे. हा भाग मार्गाच्या शेवटाकडे येतो, त्यामुळे तो भागच थोड्या उंचीवर नेला की तिथला वेग आपोआप उतरतो. मूळ मार्गापासून हे विचलन आहे, आणि माहितीफलकावर ते स्पष्ट लिहावे.

याला वेळ लागेल. पेनसिल्व्हेनियातल्याच क्नोबेल्स उद्यानाने फ्लाइंग टर्न्स हा लाकडी पन्हळीतून घसरणारा, 1930 च्या दशकातला लुप्त प्रकार पुन्हा जिवंत केला. 2006 साली काम सुरू झाले आणि लोकांना बसता आले ते 2013 च्या ऑक्टोबरमध्ये. चाके आणि डबे पुन्हा पुन्हा बदलावे लागले, चाचण्या होत राहिल्या. ज्या उद्यानाच्या मालकांना सात वर्षे थांबता येत नसेल, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आणि दुसरी अट देखभालीची. न्यू यॉर्क शहरातल्या कॉनी आयलंडचा सायक्लोनही 1927 सालचाच, त्याचाही मार्ग लाकडी आणि सांगाडा पोलादी. तो आजवर धावतो, कारण त्याचे आरेखन मुळात समंजस होते आणि त्याचा मार्ग तुकड्या-तुकड्याने सतत नवा केला जात राहिला. क्रिस्टल बीचच्या जागेवर आता खासगी घरे आहेत, तेव्हा मूळ ठिकाणी काही होणे शक्य नाही. नव्या जागेची निवड करताना मी सरोवराच्या दृश्याला दुसरे स्थान देईन. पहिले स्थान त्या उद्यानाला, ज्याच्याकडे स्वतःचे सुतार आहेत आणि ज्याचे सुतार हंगामातल्या प्रत्येक सकाळी, गाडी सोडण्यापूर्वी, हातोडी घेऊन संपूर्ण मार्ग पायी तपासत जातात.